आवाज आला की चुकलं

माझे घरमालक सुरतजवळच्या इच्छापोरमधल्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. तिथं ते दिवसभर लोकांच्या पायांकडं बघत. पायांत सेफ्टी शूज नसतील तर माणसाला गेटवरूनच परत पाठवत. मग तो कंत्राटदाराचा मेहुणा असो की स्वतः कंत्राटदार. एकदा खुद्द डायरेक्टरांना त्यांनी शेडच्या दारात थांबवून ठेवलं होतं, कारण डायरेक्टर नरम चामड्याचे बिनलेसचे बूट घालून आले होते. हाच माणूस रोज सकाळी कोसाडच्या रस्त्यांवर अनवाणी धावत असे.

यात काही विसंगती आहे असं त्यांना वाटत नव्हतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कारखान्यात वरून लोखंड पडतं. इथं रस्त्यावर वरून काय पडतं? कबुतराची घाण. तिला बूट कशाला लागतात?"

त्या घरात मी काही वर्षं भाड्यानं राहिलो. अमरोलीच्या पुढं, कोसाडच्या वसाहतींना लागून असलेल्या एका सोसायटीतलं घर. वरची खोली आणि गच्ची माझ्याकडं. खाली घरमालक, त्यांची बायको आणि म्हातारे वडील. घरमालकांना सगळे भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊ म्हणायचो. बायकोला वहिनी, वडिलांना आबा. कुटुंब बौद्ध, मूळचं जळगाव जिल्ह्यातलं. आबा रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि रूळ दुरुस्त करत करत उधन्यापर्यंत आले. निवृत्तीनंतर त्यांनी हे घर बांधलं.

माझी नोकरी एका वर्तमानपत्राच्या सुरत कार्यालयात. ड्यूटी दुपारनंतरची. त्यामुळे सकाळी त्या घरात जे घडे ते मला वरून दिसे किंवा ऐकू येई.

ऐकू यायचे ते आबा. त्यांच्या काळ्या बुटांच्या टाचांना लोखंडी नाल ठोकलेले होते. ते विहारात जायला निघाले की गल्लीच्या टोकापर्यंत टाचा वाजत जात. परत येतानाही तसंच. वहिनी त्या आवाजावर चहाचं आधण ठेवत. नाल झिजले की सुरतेत ते ठोकून देणारा सहसा भेटत नाही, म्हणून आबांनी भुसावळहून नालांची पुडी आणून ट्रंकेत ठेवली होती. भाऊंचं याच्या अगदी उलट. ते कधी बाहेर पडले आणि कधी आले हे कळत नसे. फाटकाची कडी तेवढी वाजायची. धावण्याच्या बाबतीत त्यांचा एकच मोठा नियम होता: आवाज आला की चुकलं. पाऊल जमिनीवर वाजलं याचा अर्थ टाच आधी आपटली, गुडघा ताठ राहिला, ढांग लांब पडली. बरोबर धावणाऱ्याचं पाऊल वाजत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

बापलेकांमधला हा फरक मला सुरुवातीला गमतीचा वाटला. तो गमतीचा नव्हता, हे पुढं कळलं.

भाऊंचं अनवाणी धावणं गुडघ्यापासून सुरू झालं. दिवसभर लोखंडी टोपीचे जड बूट घालून काँक्रीटवर फिरायचं, त्यानं गुडघे दुखू लागले. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. त्यांनी जाड तळाचे भारी बूट घेतले आणि धावायला लागले. गुडघ्यांबरोबर आता नडग्याही दुखू लागल्या. त्या काळात एक दिवस अंघोळ करून ते गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले आणि कोरड्या लादीवर उमटलेली स्वतःची ओली पावलं त्यांनी पाहिली. अंगठा आतल्या बाजूला वळलेला. करंगळी उमटलेलीच नव्हती. "ते पायाचे ठसे नव्हते," ते मला म्हणाले, "बुटाचे होते. बूट मी काढून ठेवला होता, तरी त्याचाच ठसा."

मी राहायला आलो तेव्हा या गोष्टीला बराच काळ लोटला होता. तरी अधूनमधून ते पाय ओले करून गच्चीवर येत, लादीवर उभे राहत आणि मला बाहेर बोलवत. "बघा. करंगळी आली का?" मी खाली वाकून बघे. करंगळी आलेली असे. ते एखादी तपासणी पार पडावी तसं मान हलवून खाली जात.

माणसं ओळखायची त्यांची रीत चपलांवरून होती. कोणाकडं लग्नाला गेले तर ते आधी मांडवाच्या तोंडाशी पडलेल्या चपलांच्या ढिगाजवळ उभे राहत. टाचेची कोणती बाजू झिजली आहे ते बघत आणि मग आत जाऊन तो माणूस शोधत. माझी चप्पल पाहून त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "तुम्ही डाव्या खांद्याला बॅग अडकवता आणि उजव्या पायावर उभे राहता. कंबर दुखेल." कंबर दुखतच होती. मी त्यांच्याकडं शिकायला लागलो त्याचं कारण तेच.

शिकवणं विचित्र होतं. पहिला महिना धावायचंच नाही. आधी टिटॅनसचं इंजेक्शन. मग घरात, मग गच्चीवर, मग गल्लीत, आणि शेवटी रस्त्यावर, याच क्रमानं अनवाणी चालायचं. गच्चीवर ते मला पायाच्या बोटांनी रुमाल उचलायला लावत. जागच्या जागी उड्या मारायला लावत आणि स्वतः खालच्या खोलीत जाऊन उभे राहत. छतातून धप्प आवाज आला की खालून ओरडत, "म्हैस." आवाज आला नाही तर काहीच बोलत नसत. रोज संध्याकाळी तळवे साबणानं धुऊन आरशात बघायचे, हाही नियम होता.

महिना संपायच्या आत मी त्यांना न विचारता रस्त्यावर धावून आलो. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की मी जिना पाठमोरा उतरलो. भाऊ फाटकाशी उभे होते. त्यांनी मला उतरताना पाहिलं.

"किती धावलात?"

"थोडंसं. चौकापर्यंत."

"पाय लहानपणापासून गादीवर झोपलेला आहे, त्याला एकदम खाणीत कामाला लावलं. तो संपावर जाणारच." मग वहिनींना हाक मारून म्हणाले, "यांना गरम पाणी द्या. आणि पंधरा दिवस यांचे बूट लपवून ठेवा, म्हणजे ऑफिसलाही हळू जातील."

वहिनी म्हणाल्या, "ऑफिसला अनवाणी पाठवू का? तुमचा एकच नमुना बास आहे घरात."

ज्या रस्त्यावरून ते धावत त्याच्या दोन्ही बाजूंना एम्ब्रॉयडरीची लहान लहान खाती, म्हणजे मशीनचे कारखाने, होती. मशीनच्या तुटलेल्या सुया झाडलोटीत रस्त्यावर येत. भाऊंनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून काठीला बांधलं होतं. धावायच्या आधी ते काठी रस्त्यावरून फिरवत जात, आणि परत आले की चुंबकाला चिकटलेल्या सुया, टाचण्या, खिळे एका प्लास्टिकच्या बरणीत टाकत. बरणी फाटकाच्या खांबावर असे, सगळ्यांना दिसेल अशी. कारखान्यात अपघात होता होता टळला तर त्याची पाटी लावतात, तसलीच ही बरणी, असं ते सांगत. खात्यांतले उडिया कारागीर त्यांना चुंबकवाले साहब म्हणायचे. त्यातले काही पुढं सुया रस्त्यावर टाकेनासे झाले. काही मुद्दाम टाकून बघायचे.

इथपर्यंतचा विक्षिप्तपणा आबांनी चालवून घेतला होता. मुलगा सकाळी उजाडताना धावून यायचा, तेव्हा रस्त्यावर फारसं कोणी नसायचं. न बघितल्यासारखं करता येत होतं. नवरात्रात ते बदललं.

सुरतेत नवरात्राच्या आसपास अनवाणी चालणारी माणसं खूप दिसतात. कोणी माताजीला नवस बोललेला असतो, कोणी यात्रेकरूंच्या संघाबरोबर पायी निघालेला असतो. त्या दिवसांत भाऊंना धावून यायला एकदा उशीर झाला. चौकात दुकानं उघडली होती. किराणा दुकानदारानं गल्ल्यावरून उठून हात जोडले आणि विचारलं, "कई माताजीनी मानता छे, भाई?" कुठल्या देवीचा नवस आहे, असं. भाऊंनी धापा टाकत हातानंच नाही नाही केलं. दुकानदाराला वाटलं, मौन आहे. त्यानं एक नारळ आणून त्यांच्या हातात ठेवला आणि वाकून पायांना हात लावला. भाऊ नारळ घेऊन घरी आले. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, हसत हसत. नारळाची वहिनींनी चटणी केली.

दोन दिवसांत ही बातमी विहारात पोचली. पोचेपर्यंत तिचा आकार वाढला होता. भाऊंनी नवस बोललाय. भाऊ पायी पावागढच्या देवीला जाणार आहेत. भाऊंच्या घरी नारळ फुटला. या शेवटच्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं.

संध्याकाळी विहाराच्या कमिटीची माणसं घरी आली. मी त्या वेळी सुट्टीवर होतो आणि खालीच बसलो होतो. कमिटीचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. त्यांनी आधी चहा घेतला, आबांच्या तब्येतीची चौकशी केली आणि मग भाऊंकडं वळून म्हणाले, "आपण ते सगळं सोडलंय. तुम्हाला सांगायला नको. घरात काही अडचण असेल तर आधी आम्हाला सांगा, पण हे असं..."

"कसं?"

"नवस वगैरे."

भाऊंनी गुडघ्यापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. टाच कशी पडते, बोटं कशी पसरतात. उभं राहून दाखवलंही. कमिटीची माणसं त्यांच्या पायांकडं बघत राहिली. एक जण म्हणाला, "म्हणजे नवस नाही?"

"नाही."

"मग बूट घालायला काय हरकत आहे?"

 आबा खुर्चीत ताठ बसले होते, पायांत मोजे. कमिटी गेल्यावर त्यांनी वहिनींना हाक मारली आणि मुलगा समोर उभा असताना म्हणाले, "सांग त्याला. नवस असता तर बरं व्हतं. नवस फिटतो."

त्या दिवसापासून ते मुलाशी बोलेनासे झाले. जे काही असेल ते वहिनींमार्फत. सांग त्याला पंखा बंद कर. सांग त्याला लाइटचं बिल आलंय. भाऊंची उत्तरंही त्याच वाटेनं जात. दोघं एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर. वहिनी एकदा वैतागून म्हणाल्या, "मी काय या घरातली टेलिफोन ऑपरेटर आहे? बोला ना एकमेकांशी. बिल मीच भरते."

आबांनी पेपर तोंडासमोर धरला.

भाऊंनी एक मधला मार्ग काढून पाहिला. जाड रबराची शीट घेऊन तिच्यावर पाय ठेवला, पेन्सिलीनं आकार काढला आणि कापला. तीन भोकं पाडून दोरी ओवायची होती. घरात दोरी नव्हती. वहिनींच्या शिलाईच्या डब्यात साडीला लावायची जरीची लेस होती. ती त्यांनी ओवली, अंगठ्याजवळून घोट्यापर्यंत गुंडाळली. पातळ तळाच्या अशा चपला बाहेर महाग मिळतात, जमिनीचा खडान्‌खडा लागतो आणि पायही उघडा म्हणता येत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. ते आबांच्या समोरून दोनदा इकडून तिकडं गेले. सोनेरी लेस चमकत होती.

आबांनी पेपर खाली केला. "सांग त्याला," ते वहिनींना म्हणाले, "ही चप्पल नाही. चपलेचा सांगाडा आहे."

त्यानंतर त्या चपला भाऊ पावसाळ्यात आणि उन्हाच्या वेळीच घालत. एरवी पाय उघडेच राहिले. भाऊही हट्टी होते, बापाचेच होते.

आबा माझ्याशी बोलायचे. मला ते पत्रकार म्हणत. "काय पत्रकार, आज कोण पडलं, कोण उभं राह्यलं?" हिवाळ्यातल्या एका सकाळी ते ओट्यावर बूट पॉलिश करत बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि भाऊंनी मला अनेकदा केलेला युक्तिवाद त्यांना सांगितला: पूर्वी लोकांना अनवाणी ठेवलं जायचं ते जबरदस्तीनं. भाऊ स्वतःच्या मर्जीनं बूट काढतात. यात फरक नाही का?

आबांनी बुटाला ब्रश मारणं चालू ठेवलं. मग त्यांनी गावाबद्दल सांगितलं.

त्यांच्या वडिलांना एका मुकादमानं जुने बूट दिले होते. स्टेशनवर हमालीला जायचं तर रस्ता गावातून होता आणि वरच्या आळीतून जाताना त्यांच्या समाजाच्या माणसानं पायांत काही घालायचं नाही, असा शिरस्ता होता. वडील बूट फडक्यात बांधून काखेत घेत. गाव संपलं की ओढ्याच्या पलीकडं एक दगड होता. त्याच्यावर बसून बूट घालायचे. येताना त्याच दगडावर बसून काढायचे. गावातली त्यांची सगळी माणसं तसंच करायची.

"त्या दगडाला बसायची जागा पडली व्हती," आबा म्हणाले. "झिजून. मी पोरगा व्हतो तव्हा त्याच्यात बसायचो, पाय खाली पुरायचे नाहीत. कोणाचा बाप, कोणाचा आजा, सगळे तिथंच बसले. बूट घालायला."

रेल्वेत लागल्यावर पहिल्या सुट्टीला आबा सरकारी बूट घालून गावी गेले. टाचांना नाल ठोकून गेले. ओढ्याजवळ दगडावर बसले नाहीत. वरच्या आळीतून चालत घरी आले. "कोणी काही बोललं नाही. पण दारं उघडली. आवाजानं. मला पाह्यजे व्हतं ते झालं."

मग ते माझ्या प्रश्नाकडं आले.

"फरक मला कळतो, पत्रकार. मी अडाणी नाही. पण बघणाऱ्याला कळतो का? त्याला पाय दिसतात. मर्जी दिसत नाही."

हे वाक्य मी भाऊंना सांगितलं. दोन बाजूंचे निरोप पोचवणं बातमीदाराचं काम नव्हे, पण वहिनींनी एवढे पोचवले होते, एक मी पोचवला. भाऊ बरणीतल्या सुया वर्तमानपत्राच्या कागदात बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. "मर्जी दिसत नाही," एवढंच ते पुन्हा म्हणाले.

वसाहतीत एप्रिलमधली जयंती मोठी होते. सकाळी मंडळाच्या पोरांची दौड असते: चौकातल्या पुतळ्यापासून निघून वसाहतीला वळसा घालून पुन्हा पुतळ्यापर्यंत. पुतळा सुटाबुटातला आहे. आदल्या दिवशी तो धुतात, आणि त्याच्या पायांतले बूट पुसायचं काम दर वर्षी आबांचं असे. त्यात दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. दौडीला झेंडा दाखवायचा मान वडीलधाऱ्या माणसाचा. त्या वर्षी तो आबांना होता. आणि निळा झेंडा हातात धरून सर्वांच्या पुढं धावायला मंडळानं भाऊंना निवडलं, कारण वसाहतीत त्यांच्याइतकं नियमित धावणारं कोणी नव्हतं.

अध्यक्ष पुन्हा घरी आले. "भाऊ, एकच विनंती. त्या दिवशी बूट. फोटो निघतात. आपला माणूस सगळ्यात पुढं, आणि पाय उघडे. कसं दिसतं ते?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्ही तरी कमरेच्या वरचा फोटो छापा."

आतल्या खोलीतून आबांचा आवाज आला. "सांग त्याला. अनवाणी आला तर झेंडा दुसऱ्या कोणाला दाखवायला सांग. मी घरी बसतो."

भाऊंनी कोणालाच उत्तर दिलं नाही. वहिनींनाही नाही. वहिनींनी मला जिन्यात गाठून विचारलं, "तुम्हाला काही बोलले का?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्याला हा मान पुन्हा मिळायचा नाही. यांना कळत नाही का?"

जयंतीच्या सकाळी आबा लवकर तयार झाले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, काळे बूट. ते पुढं गेले. टाचा नेहमीसारख्या वाजल्या. थोड्या वेळानं भाऊ खोलीतून बाहेर आले. त्यांच्या पायांत बूट होते. लेसचे, पॉलिश केलेले काळे बूट, जे ते फक्त लग्नाला घालत. वहिनींनी त्यांच्या पायांकडं पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. मलाही प्रश्न मिटला असं वाटलं.

चौकात मंडळाची पोरं पांढऱ्या टी-शर्टमध्ये उभी होती. भाऊ आले तेव्हा आबांनी त्यांचे बूट पाहिले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, फक्त त्यांनी झेंड्याची काठी नीट धरली. अध्यक्षांनी सूचना दिल्या. भाऊंना पुढं बोलावलं.

भाऊ पुढं आले, पण सुरुवातीच्या रेषेवर थांबले नाहीत. पुतळ्याच्या चौथऱ्याला पायऱ्या आहेत. ते सरळ खालच्या पायरीवर जाऊन बसले. सगळा चौक बघत होता. त्यांनी उजव्या बुटाची लेस सोडली, बूट काढला, मोजा काढून घडी करून बुटात ठेवला. मग डावा. कुठलीच घाई नव्हती. दोन्ही बूट त्यांनी पायरीवर शेजारी शेजारी ठेवले, टोकं चौकाकडं करून. मग ते उठून रेषेवर आले आणि एका पोराकडून निळा झेंडा घेतला.

 मागं एक पोरगा काहीतरी बोलला आणि त्याला कोणीतरी गप्प केलं. अध्यक्ष आबांकडं बघू लागले. आबांच्या हातातला झेंडा खालीच होता.

आबा म्हणाले, "कोणी सांगितलं काढायला?"

नवरात्रानंतर ते मुलाशी प्रथमच बोलत होते. वहिनी गर्दीत माझ्या शेजारी होत्या; त्यांनी माझा दंड धरला.

"कोणीच नाही," भाऊ म्हणाले.

"मोठ्यानं बोल."

"कोणीच नाही सांगितलं, आबा. मी काढले."

आबा पायरीवरच्या बुटांकडं बघत राहिले. पोरं चुळबुळ करायला लागली होती. मग त्यांनी झेंडा वर केला आणि खाली आणला. पोरं धावली. शेकडो बुटांच्या त्या आवाजात भाऊंचा आवाज असायचं कारण नव्हतं.

दौड परत येईपर्यंत आबा त्या पायरीजवळ उभे राहिले, बुटांची राखण करत असल्यासारखे. मी त्यांच्या बाजूला गेलो.

"दिसलं," ते म्हणाले.

मी खिशातली वही काढली.

"समजलंही. पण मला आवडलं नाही. हे लिही."

मी बातमीत ते लिहिलं नाही. फोटो छापला तो पूर्ण माणसाचा छापला.

त्यानंतर घरात बोलणं सुरू झालं. फार नाही. पंखा बंद कर, एवढंच, पण सरळ. वहिनींनी जाहीर केलं की टेलिफोन एक्स्चेंज बंद झालं आहे. आबा सकाळी भाऊंना बाहेर पडताना बघत आणि म्हणत, "आजपण नागडे पाय?" भाऊ म्हणत, "आजपण." हा रोजचा संवाद झाला. कोणी कोणाला बदललं नाही.

आबा पुढच्या थंडीत गेले. छातीत कफ झाला, थोडे दिवस अंथरुणावर होते, आणि एका दुपारी गेले. शेवटच्या दिवसांत त्यांचे बूट खाटेखाली ठेवलेले असत, हात खाली सोडला की लागतील असे. भाऊ रोज ते पॉलिश करत. आबांनी सांगितलं म्हणून नाही. आबा तेव्हा फारसं बोलत नव्हते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर वहिनींनी आबांचे कपडे गरजूंना देण्यासाठी वेगळे काढले. बूट घेऊन त्या भाऊंकडं आल्या. "हे कोणाला द्यायचे? नाल ठोकलेले कोण घालतं आता?" भाऊंनी बूट हातात घेतले, टाचा उलट्या करून पाहिल्या. डाव्या टाचेची बाहेरची बाजू झिजली होती. "डाव्या पायावर भार टाकायचे," ते म्हणाले. "मी कधी बघितलंच नाही." जगातल्या सगळ्यांच्या चपला बघणाऱ्या माणसानं हे म्हटलं. बूट त्यांनी खाटेखाली परत ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती टाचांच्या आवाजानं. काही क्षण मला वाटलं, आबा विहारात निघाले. मग आठवलं. आवाज चालण्याचा नव्हता. फार जलद होता, अनियमित होता. पाऊल आपटत होतं, घसरत होतं, पुन्हा आपटत होतं. मी गच्चीच्या कठड्याशी आलो.

भाऊ आबांचे बूट घालून गल्लीतून धावत होते. बूट त्यांना लहान होते. जो माणूस मला एका धप्प आवाजासाठी म्हैस म्हणत असे, त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर लोखंड सिमेंटवर वाजत होतं. गल्लीतली दारं उघडली. किराणा दुकानदार शटर अर्धं वर करून तसाच थांबला. एम्ब्रॉयडरीच्या खात्यातले कारागीर बाहेर आले. कोणी काही विचारलं नाही. भाऊ चौकाकडं वळले. आवाज लांब गेला, वसाहतीच्या पलीकडून काही वेळ बारीक येत राहिला, मग पुन्हा मोठा होत परत आला.

ते फाटकातून आत आले आणि ओट्यावर बसले, आबा पॉलिश करायला बसत त्या जागी. बूट काढायला त्यांना वेळ लागला. दोन्ही टाचा सोलवटल्या होत्या. वहिनी पाणी घेऊन आल्या आणि त्यांच्या पायांशी बसल्या.

भाऊंनी मान वर करून गच्चीकडं पाहिलं.

"आवाज आला का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "आला."